सोनोग्राफीत गाठी दिसल्या, पण मुलीचं पोट कशाने दुखतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. चार महिन्यांपासून आठवड्यातून तीन-चार वेळा बेंबीभोवती दुखतं, बहुतेक सकाळी, शाळेची बस यायच्या सुमारास. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप थांबतं. जंताचं औषध दोनदा देऊन झालं, अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला. आता सोनोग्राफीत पोटात गाठी आल्यात, सगळ्यांत मोठी १३ × ६ मिमी. सासूबाईंच्या मते बेंबी सरकली आहे, शेजारच्या काकूंच्या मते टीबी. आणि तुम्ही विचारताय की गाठींवर औषध सुरू करायचं का आणि सीटी स्कॅन करावा का.

मी तालुक्याच्या गावी बरीच वर्षं लहान मुलांची ओपीडी चालवतो. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं तिच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं एवढ्यासाठीच लिहितोय. तुमचा प्रश्न वाचून मला पहिल्यांदा वाटलं ते हे की चार महिन्यांत दोन औषधं झाली, एक मशीन झालं, पण तिच्या दुखण्याची हकीकत बसून कुणी ऐकलेली दिसत नाही. मुलांच्या पोटदुखीत निम्म्याहून जास्त निदान तिथेच होतं.

तरी आधी गाठींचं संपवू, नाहीतर पुढचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात लसिकाग्रंथी, म्हणजे रिपोर्टातल्या याच गाठी, सगळ्यांच्याच असतात. मुलांमध्ये त्या जरा मोठ्या असतात, कारण या वयात शरीर रोज नव्या जंतूंशी झटत असतं. हल्लीच्या मशीनवर त्या इतक्या स्पष्ट दिसतात की पोट अजिबात न दुखणाऱ्या मुलांची सोनोग्राफी केली तरी बऱ्याच जणांत सापडतील. रिपोर्टातल्या दोन आकड्यांपैकी बघायचा तो लहान आकडा, म्हणजे गाठीची रुंदी. ती साधारण ८ मिमीपर्यंत असली तर मुलांमध्ये नेहमीचीच समजतात. तुमच्या रिपोर्टात ती ६ आहे. घाबरवलंय ते १३ ने, आणि ती नुसती लांबी आहे. गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा झालाय का, मध्ये सडल्यासारख्या दिसतात का, पोटात पाणी आहे का, आतड्याची भिंत जाड आहे का, हे चार प्रश्न महत्त्वाचे. रिपोर्टात उत्तरं नसतील तर तुमच्या डॉक्टरांना सोनोग्राफी करणाऱ्यांशी फोनवर बोलायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

टीबीची शंका घेणाऱ्या काकूंना मी हसणार नाही. आपल्याकडे टीबी आहे आणि तो पोटाचाही होतो. पण पोटाचा टीबी झालेलं मूल सहसा वेगळं दिसतं. संध्याकाळी अंगात कसर असते, भूक मेलेली असते, वजन घटतं किंवा महिनोन्‌महिने जागचं हलत नाही, पोट फुगत जातं, घरात किंवा शेजारी कुणाला खोकल्याचा टीबी झालेला असतो. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात वजन १९ वरून २१ किलोवर गेलं आणि ती दिवसभर हुंदडते. अशा मुलीला नुसत्या सोनोग्राफीतल्या गाठींवर ‘देऊन तर बघू’ म्हणून सहा महिन्यांची टीबीची औषधं देणं मला मान्य नाही. त्या औषधांचा यकृतावर ताण येऊ शकतो, ही एक गोष्ट. दुसरी अशी की अशी पोटदुखी पुष्कळदा काही महिन्यांत आपली आपणच कमी होते. मग श्रेय औषधाला जातं, आणि मुलीच्या फाइलवर न झालेला टीबी कायमचा लिहिला जातो.

आता हकीकत. ओपीडीत मी मुलालाच विचारतो, ‘कुठे दुखतं, दाखव.’ पूर्ण तळवा बेंबीवरून गोल फिरवणारं मूल आणि एका बोटाने उजव्या बरगडीखाली नेमकी जागा दाखवणारं मूल यांच्यात मला फार फरक वाटतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५८ साली हजार शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दर दहांतल्या साधारण एका मुलाचं पोट असं महिनोन्‌महिने अधूनमधून दुखत होतं, आणि त्यातल्या फार थोड्यांमध्ये शरीरात काही बिघाड सापडला. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका बिघाड सापडण्याचा संभव जास्त, हा त्यांचा ठोकताळा आजही वापरला जातो. ठोकताळाच तो, अपेंडिक्सची सुरुवातही बेंबीपासूनच होते. पण चार महिने बेंबीभोवतीच राहिलेलं दुखणं अपेंडिक्सचं नसतं.

‘इथे दुखतं का? इथे?’ असं विचारत पोट दाबलं की सहा-सात वर्षांचं मूल सगळ्यालाच हो म्हणतं. म्हणून मी विचारतच नाही. डब्यात आज काय होतं, वर्गात शेजारी कोण बसतं, असं बोलत बोलत स्टेथोस्कोपने पोट दाबत जातो आणि नजर तोंडावर ठेवतो. ‘डॉक्टर ऐकतायत’ असं मुलाला वाटतं आणि पोट सैल राहतं. घरीही हे करता येईल, नुसत्या हाताने, मुलीला गोष्ट सांगताना. खरंच दुखणारी जागा आली की गोष्ट ऐकणारा चेहरा बदलतो.

तुम्ही न लिहिलेल्या काही गोष्टी मला हव्या आहेत. रात्री गाढ झोपेतून ती दुखण्याने उठते का? झोपायच्या वेळी कुरकुर करते, हे मी त्यात धरत नाही. जुलाब, विशेषतः रात्रीचे, शौचातून रक्त, हिरवी उलटी, सारखे तोंड येणं, सांधे सुजणं, गुदद्वारापाशी गळू किंवा भेगा, लघवीला जळजळ, डोळे पिवळे होणं, कारण नसताना येणारा ताप, उंची वाढायची थांबणं यातलं काही आहे का? घरात कुणाला आतड्यांचा जुनाट आजार किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक आजार आहे का? एखाद्याचंही उत्तर ‘हो’ असेल तर खालचं सगळं बाजूला ठेवून तपासण्यांकडे वळावं लागेल. कुटुंब विदर्भातलं किंवा नंदुरबारकडचं असेल, तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का हेही मी विचारतो. त्या आजाराचे दुखण्याचे झटके पोटातही येतात.

ही सगळी उत्तरं ‘नाही’ आली असं धरून पुढे जातो. तुम्ही एका ओळीत उरकलंय, ‘शौचाला रोज होते.’ मी या वाक्यावर थांबतो. शेवटचं तुम्ही स्वतः कधी बघितलं? सात वर्षांची मुलगी स्वतःचं स्वतः करते, दार लावून घेते, फ्लश दाबते. आत काय होतं ते घरात कुणालाच माहीत नसतं. रोज होणं आणि पोट साफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज दोन लेंड्या टाकणाऱ्या मुलाच्या पोटात आठवड्याचा साठा असू शकतो, आणि डाव्या बाजूला खाली हात ठेवला तर तो कधीकधी लागतोही.

तिची सकाळ डोळ्यांसमोर आणून बघा. सव्वासहाला उठवलं, अर्धवट झोपेत दात घासले, चॉकलेटची पावडर घातलेलं कपभर दूध कसंबसं पाजलं, सातला बस. (चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये निघाला, पण अनेक शाळांच्या बसचं वेळापत्रक त्याच्याशी फटकून आहे.) पोटात काही गेलं की मोठं आतडं हालचाल करू लागतं, ही शरीराची रचनाच आहे. म्हणजे दूध प्याल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पोटात कळ येणार, आणि नेमकं तेव्हा आपण बुटाची नाडी बांधत असणार. कळ दाबली जाते. शाळेतलं स्वच्छतागृह घाण, कडी नाही, पाणी नाही, बाईंना विचारायची लाज; तिथेही दाबली जाते. घरी आल्यावर भूक, मग खेळ. दाबलेला मळ सुकतो, कडक होतो, जाताना दुखतो, मग मूल आणखी दाबतं. सतत ताणलेलं इलॅस्टिक सैल पडतं तसा शेवटी गुदाशय सैल पडतो आणि शौचाची जाणीवच बोथट होते. रविवारी आणि सुट्टीत तिचं कमी दुखतं असं तुम्ही लिहिलंय. घरातल्या सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘शाळेचं निमित्त’ असा लावला. रविवारी तिला निवांत बसायला वेळ मिळतो, असाही अर्थ लावता येतो.

पुढचे दोन आठवडे तिला फ्लश न करता तुम्हाला हाक मारायला सांगा. खडे, लेंड्या किंवा गाठीगाठींचा जाड कडक मळ असेल तर बद्धकोष्ठता आहे, मग ती रोजची का असेना. चड्डीला डाग, पाय आवळून कोपऱ्यात उभं राहणं, कमोड तुंबेल एवढा मोठा मळ, ही आणखी लक्षणं. मुलींमध्ये लघवीला वारंवार जंतुसंसर्ग होण्यामागेही पुष्कळदा हेच असतं.

बद्धकोष्ठता निघाली तर केळं-पपई आणि इसबगोलवर भागेल अशी आशा धरू नका. आधी साठलेलं काढावं लागतं, त्याशिवाय नुसता चोथा वाढवला तर पोट जास्तच दुखतं. त्यासाठी पॉलिइथिलिन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोज देतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टर सांगतील. हे औषध काही महिने चालतं. ‘सवय लागेल’ या भीतीने दोन आठवड्यांत बंद केलं की महिन्याभरात पुन्हा तेच, आणि पुढच्या डॉक्टरांना सांगितलं जातं की ‘त्या औषधाने फरक पडला नाही.’ सवय लागत नाही, तेवढं डोक्यातून काढा. जोडीला जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसायचं, सकाळ जमत नसेल तर संध्याकाळी, आणि कमोड असेल तर पायांखाली पाट ठेवायचा. लोंबकळणाऱ्या पायांनी जोर लावता येत नाही. दूध दिवसाला दोन कपांच्या वर नको. दूध पिऊन पोट भरलेलं मूल भाकरी-भाजी खात नाही.

समजा मळ मऊ आहे, सगळं ठीक आहे, तरीही दुखतंय. मग आम्ही त्याला कार्यात्मक पोटदुखी म्हणतो. ही समजूत घालायला सर्वांत अवघड, कारण रिपोर्ट नॉर्मल म्हणताच घरातलं कुणीतरी ‘म्हणजे नाटक करतेय’ म्हणतं. नाटक नाही. आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. काही मुलांत ते जाळं हळवं होतं, बऱ्याचदा एखाद्या जुलाबाच्या आजारानंतर किंवा ताणाच्या काळात. मग नेहमीचा गॅस, नेहमीची हालचालही कळ म्हणून जाणवते. परीक्षेआधी तुमच्या पोटात गोळा यायचा तो खोटा होता का?

याचं औषध बाटलीत कमी आणि घराच्या वागण्यात जास्त असतं. तासातासाला ‘आता दुखतंय का गं?’ विचारणं आधी बंद करा. पालकांनी दुखण्याकडे लक्ष दिलं की मुलांच्या तक्रारी वाढतात आणि लक्ष दुसरीकडे वळवलं की घटतात, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. दुखतं असं ती म्हणाली की ‘हो, कळलं, थोडा वेळ पड, कमी होईल’ एवढं शांतपणे म्हणायचं आणि दिवस पुढे न्यायचा. शाळा बुडवू नये. बुडलीच तर घरचा दिवस कंटाळवाणा असावा, टीव्ही-मोबाइल नाही. मात्र त्याआधी एकदा तिला एकटीला जवळ घेऊन विचारा की शाळेत, बसमध्ये, शिकवणीत कुणी त्रास देतं का, कुणी नको तिथे हात लावतं का. हा प्रश्न मी प्रत्येक वारंवार दुखणाऱ्या पोटामागे विचारतो, आणि पालकांना बाहेर बसवून विचारतो.

राहिली जुनी मंडळी. बेंबी सरकत नाही, शरीरात तशी काही सोयच नाही. सासूबाई हिंग लावत असतील तर खुशाल लावू द्या, पण पोट चोळून घ्यायला कुणाकडे नेऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स असेल त्या दिवशी हे चोळणं महागात पडेल. जंतांचं म्हणाल तर शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोलची चघळायची गोळी मिळते. ती घेत असेल तर प्रत्येक पोटदुखीला पुन्हा जंताचं औषध देण्यात अर्थ नाही. रात्री शौचाच्या जागी खाज येत असेल तर गोष्ट वेगळी. तापच नसताना विडाल तपासणी करून ‘टायफॉइड निघाला’ म्हणतात, त्यावरही विश्वास ठेवू नका. पोटदुखीसाठी मिळणारं डायसायक्लोमिनचं औषध घरच्या कपाटातून देत जाऊ नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर ते देतच नाहीत.

आता वेगळं, आणि हे फ्रिजवर चिकटवून ठेवलंत तरी चालेल. चार महिन्यांची सवय झालेल्या पोटदुखीत एखादा दिवस निराळा उजाडू शकतो. ‘हिचं नेहमीचंच’ म्हणून तो निसटतो.

अपेंडिक्समध्ये आधी दुखतं, मग उलटी होते, मग बारीक ताप येतो. जुलाब-उलटीच्या साथीत बहुधा उलटीने सुरुवात होते. दुखणं काही तासांत बेंबीवरून उजवीकडे खाली सरकतं, मूल वाकून चालतं, आवडीचा पदार्थही नको म्हणतं. एका पायावर उडी मारायला सांगा. हसत उडी मारली तर तातडीचं काही असण्याची शक्यता कमी, उडी मारायलाच तयार नसेल तर त्याच दिवशी दाखवा. पाच वर्षांखाली हे सगळं इतकं स्पष्ट नसतं आणि अपेंडिक्स फुटण्याचं प्रमाण जास्त, म्हणून तिथे मी फार वाट बघत नाही. अशा वेळी पोट साफ करायचं औषध किंवा एनिमा अजिबात नको.

दोन वर्षांखालचं बाळ पंधरा-वीस मिनिटांनी पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल आणि मधल्या वेळात गळून पडत असेल, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. शी जेलीसारखी लाल व्हायची वाट बघायची नाही, ते उशिरा होतं. मुलग्याचं पोट खाली दुखत असेल तर चड्डी काढून अंडकोष बघायचेच. मोठी मुलं लाजेने ‘पोट’ म्हणतात. अंडकोषाला पीळ पडला असेल तर तो वाचवायला साधारण सहा तास हातात असतात. मुलीच्या किंवा मुलाच्या जांघेत कडक, दुखरी गाठ आली असेल तरीही लगेच निघायचं.

काही दुखणी पोटात नसतातच. ताप, खोकला आणि भरभर श्वास असेल तर न्यूमोनिया पोटात दुखवतो. खूप तहान, खूप लघवी, उलट्या आणि खोल श्वास असेल तर रक्तातली साखर लगेच बघायला हवी. पायांवर जांभळे ठिपके उठून पोट दुखत असेल तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा विचार करतात. डेंग्यूत ताप उतरत असताना पोट जोरात दुखू लागलं तर घरी थांबायचं नाही, आणि त्या तापात आयबुप्रोफेन द्यायचं नाही.

आणि आमच्याकडचं एक, जे शहरातल्या पुस्तकी याद्यांत सहसा नसतं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटदुखीने उठलं, उलट्या झाल्या, मग पापण्या जड झाल्या, घोट गिळता येईना, आवाज घोगरा झाला, तर मण्यार चावलेला असू शकतो. त्याचा दंश दुखत नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. अशा मुलाला थेट प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात न्यायचं. सुट्टीत गावी जाता तेव्हा हे लक्षात असू द्या, आणि खाट किंवा मच्छरदाणी बघून झोपा.

तुमच्या मुलीसाठी मी काय केलं असतं ते सांगतो. उंची-वजन वाढीच्या तक्त्यावर मांडलं असतं, गुदद्वाराची बाजू आणि पोट नीट तपासलं असतं, लघवीची तपासणी आणि एक साधं रक्त, त्यात सिलिअ‍ॅकची चाचणी. दोन आठवडे घरी वहीत तीन रकाने: कधी दुखलं, शौच कशी होती, त्यावेळी ती काय करायची थांबली. तिसरा रकाना सर्वांत कामाचा, कारण खेळता खेळता दुखलं आणि खेळ चालूच राहिला, तर मी निश्चिंत असतो. मळ कडक निघाला तर वर लिहिल्याप्रमाणे औषध, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा भेट.

सीटी स्कॅन आता नको. त्यात किरणोत्सर्ग आहे, आणि ६ मिमीच्या गाठींबद्दल तो सोनोग्राफीपेक्षा वेगळं काही सांगणार नाही. सोनोग्राफीसुद्धा ‘गाठी गेल्या का’ बघायला पुन्हापुन्हा करू नका. त्या दिसत राहतील आणि तुम्ही घाबरत राहाल. वजन घटलं, ताप येऊ लागला, झोपेतून उठू लागली किंवा वर विचारलेल्यापैकी एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ झालं, तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही. वही घेऊन लगेच तिच्या डॉक्टरांकडे जा.